डीएलएल फाइल न सापडण्याची त्रुटी

डीएलएल फाइल न सापडण्याची त्रुटी ही मायक्रोसॉफ्ट विंडोज या संचालन प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांत वारंवार आढळणारी त्रुटी आहे. नवीन सॉफ्टवेअर संगणकावर बसवून ते प्रथमच उघडताना, आवश्यक असलेली एखादी साहाय्यक फाइल उपलब्ध नाही असा संदेश पडद्यावर येतो आणि आज्ञावली सुरू होण्यापूर्वीच थांबते. संदेशात त्या फाइलचे नाव दिलेले असते. मात्र नाव दिलेली फाइल ही बहुधा स्वतंत्र वस्तू नसते. ती एखाद्या मोठ्या संचाचा घटक असते. त्यामुळे सुटी फाइल मिळवून संगणकात ठेवणे हा या त्रुटीवरील योग्य उपाय ठरत नाही. ती फाइल ज्या संचाचा भाग आहे तो संच ओळखून, त्याच्या मूळ निर्मात्याकडून घेऊन बसवणे हा योग्य उपाय होय.

या त्रुटीमुळे संगणकातील लेख, छायाचित्रे वा इतर संग्रहित माहितीला कोणतीही इजा पोहोचत नाही. केवळ या त्रुटीसाठी संपूर्ण संगणक पुसून विंडोज नव्याने बसवण्याची गरज क्वचितच पडते.

या लेखात फाइलींची व आज्ञांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष पडद्यावर ती रोमन अक्षरांत दिसतात व तशीच टंकावी लागतात.

## संकल्पना

डीएलएल हे डायनॅमिक लिंक लायब्ररी या नावाचे संक्षिप्त रूप आहे. अनेक आज्ञावलींना काही कामे समान असतात. पडद्यावर खिडकी दाखवणे, फाइल उघडणे, गणिती क्रिया करणे, अक्षरे रेखाटणे ही त्याची उदाहरणे. या कामांच्या सूचना प्रत्येक आज्ञावलीत पुन्हा पुन्हा लिहिण्याऐवजी त्या एका सामायिक फाइलमध्ये ठेवल्या जातात आणि आज्ञावली सुरू होताना ती फाइल तिला जोडली जाते. अशा सामायिक फाइलला डीएलएल म्हणतात. वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचा शब्दकोश आणण्याऐवजी सर्वांनी शाळेच्या ग्रंथालयातील एकच शब्दकोश वापरावा, तशी ही व्यवस्था आहे.

याउलट, आवश्यक त्या सर्व सूचना आज्ञावलीच्या मुख्य फाइलमध्येच समाविष्ट करण्याच्या पद्धतीला स्थिर जोडणी म्हणतात. स्थिर जोडणीत फाइल हरवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु आज्ञावलीचा आकार वाढतो, आणि सामायिक सूचनांमध्ये एखादा दोष आढळल्यास प्रत्येक आज्ञावली स्वतंत्रपणे दुरुस्त करावी लागते. सामायिक फाइलच्या पद्धतीत एकच फाइल सुधारली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व आज्ञावलींना लाभ होतो. मात्र तीच फाइल नाहीशी झाली किंवा बदलली, तर त्या सर्व आज्ञावली एकाच वेळी अडचणीत येतात. प्रस्तुत त्रुटीचे मूळ या व्यवस्थेतच आहे.

## इतिहास

विंडोजची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या काळी संगणकाची स्मृती अत्यंत मर्यादित असल्याने एकच सूचनासंच अनेक आज्ञावलींनी वाटून घेणे आवश्यक होते. विंडोजचे कर्नेल, यूझर आणि जीडीआय हे तीन मुख्य घटक पहिल्या आवृत्तीपासून याच पद्धतीने काम करत होते.

१९९० च्या दशकात सॉफ्टवेअरची संख्या वाढली. प्रत्येक सॉफ्टवेअर स्वतःला हव्या असलेल्या डीएलएल फाइली विंडोजच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवू लागले. एकाच नावाची जुनी फाइल नव्या फाइलवर बसवली जाई, किंवा नवी फाइल जुन्या आज्ञावलीला मानवत नसे. एक सॉफ्टवेअर बसवले की दुसरे बंद पडते, आणि एक काढून टाकले की तिसरे तक्रार करते, अशी स्थिती निर्माण झाली. संगणक व्यवसायात ही अवस्था ‘डीएलएल हेल’ म्हणजे डीएलएलचा नरक या नावाने ओळखली जाते.

या समस्येवर टप्प्याटप्प्याने उपाय करण्यात आले. विंडोज ९८ मध्ये प्रणालीच्या फाइली तपासणारे सिस्टिम फाइल चेकर हे साधन आले. विंडोज २००० मध्ये प्रणालीच्या महत्त्वाच्या फाइली इतर सॉफ्टवेअरने बदलल्यास त्या आपोआप पूर्ववत करण्याची सोय झाली. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत एकाच डीएलएलच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवण्याची आणि आपल्याला कोणती आवृत्ती हवी हे आज्ञावलीने जाहीर करण्याची पद्धत रुळली. विंडोज व्हिस्टापासून प्रणालीच्या फाइलींवरील बंधने अधिक कडक झाली आणि प्रशासकाचे अधिकार असलेल्या सॉफ्टवेअरलाही त्या सहजासहजी बदलता येईनाशा झाल्या.

या सुधारणांमुळे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याची फाइल पुसून टाकण्याचे प्रकार बरेच कमी झाले. तथापि आवश्यक संच मुळात बसवलेलाच नसणे ही अडचण कायम राहिली. आज दिसणारे बहुतेक त्रुटीसंदेश याच दुसऱ्या प्रकारचे असतात.

## फाइलचा शोध कसा घेतला जातो

प्रत्येक आज्ञावलीच्या मुख्य फाइलमध्ये तिला लागणाऱ्या डीएलएल फाइलींची यादी असते. आज्ञावली उघडताच विंडोजचा भारक नावाचा भाग ती यादी वाचतो आणि प्रत्येक फाइल ठरावीक ठिकाणी, ठरावीक क्रमाने शोधतो. प्रणालीच्या काही सुपरिचित फाइली वगळता हा क्रम सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असतो:

1. आज्ञावलीची मुख्य फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे ते फोल्डर
2. विंडोजमधील सिस्टिम३२ हे फोल्डर
3. विंडोजचे मुख्य फोल्डर
4. त्या क्षणी चालू असलेले फोल्डर
5. ‘पाथ’ या नावाने नोंदवलेल्या यादीतील फोल्डर

यांपैकी कोठेही फाइल न मिळाल्यास भारक थांबतो आणि त्रुटीसंदेश दाखवतो. म्हणजेच फाइल संगणकात अन्यत्र कोठे तरी असली, तरी या ठिकाणी नसल्यास ती नसल्यासारखीच असते.

मिळालेल्या डीएलएल फाइललाही स्वतःची अशीच यादी असते. त्यामुळे ही साखळी अनेक पायऱ्यांची होऊ शकते. संदेशात ज्या फाइलचे नाव आहे ती फाइल जागेवर असते, पण ती ज्या दुसऱ्या फाइलवर अवलंबून आहे ती नसते, असेही घडते. ‘निर्दिष्ट मॉड्यूल सापडले नाही’ या आशयाच्या आणि १२६ हा क्रमांक असलेल्या त्रुटीत ही शक्यता विशेषत्वाने लक्षात घ्यावी लागते.

काही डीएलएल आरंभी न जोडता गरज पडेल तेव्हा जोडल्या जातात. अशा वेळी आज्ञावली सुरळीत उघडते आणि छपाई किंवा ध्वनिमुद्रण यांसारखे विशिष्ट काम सांगितल्यावरच त्रुटी दिसते.

## संदेशांचे प्रकार

वरवर सारखे वाटणारे संदेश वेगवेगळ्या कारणांकडे निर्देश करतात.

- फाइल संगणकात नाही, अथवा फाइल न सापडल्याने पुढे जाता येत नाही: शोधक्रमातील कोणत्याही ठिकाणी फाइल मिळालेली नाही.
- डीएलएलमध्ये प्रवेशबिंदू सापडला नाही: त्या नावाची फाइल मिळाली आहे, पण तिच्यात अपेक्षित सूचना नाही. फाइलची आवृत्ती जुनी किंवा वेगळी असल्याचे हे लक्षण आहे.
- आज्ञावली योग्य प्रकारे सुरू होऊ शकली नाही, क्रमांकाच्या शेवटी ‘७बी’: ६४-बिट आज्ञावलीला ३२-बिट डीएलएल मिळाली किंवा याउलट घडले, असा याचा बहुधा अर्थ असतो.
- शेजारी-शेजारी रचना चुकीची आहे: आज्ञावलीने जाहीर केलेली आवृत्ती बसवलेली नाही. व्हिज्युअल सी++ २००५ व २००८ वर आधारलेल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हा संदेश विशेषतः दिसतो.
- संगणक सुरू होताच ‘रनडीएलएल’ या शीर्षकाखाली येणारा संदेश: काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरची एखादी नोंद आरंभसूचीत शिल्लक राहिली आहे. येथे फाइल परत आणायची नसते. ती उरलेली नोंद काढायची असते.

## कारणे

### आवश्यक संच बसवलेला नसणे

हे सर्वांत सामान्य कारण आहे. सी++ या भाषेत लिहिलेल्या असंख्य आज्ञावलींना मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ पुनर्वितरणयोग्य संच लागतो. बहुतेक सॉफ्टवेअर हा संच स्वतःबरोबर आणून बसवते. पण काही निर्माते तो आधीच उपलब्ध असेल असे गृहीत धरतात. निर्मात्याच्या संगणकावर तो असतोच, त्यामुळे उणीव त्याच्या लक्षात येत नाही आणि वापरकर्त्याच्या नव्या, कोऱ्या संगणकावर ती उघड होते.

संच बसवलेला असूनही तो जुना असू शकतो. उदाहरणार्थ, व्हीसीरनटाइम१४०_१ ही फाइल २०१९ च्या आवृत्तीबरोबर आली. ज्या संगणकावर २०१५ किंवा २०१७ चा संच आहे, तेथे व्हीसीरनटाइम१४० सापडते, पण शेवटी ‘_१’ असलेली तिची जोडीदार सापडत नाही.

### अपूर्ण स्थापना

झिप स्वरूपात मिळालेले सॉफ्टवेअर न उलगडता, त्या गठ्ठ्याच्या आतूनच मुख्य फाइल उघडल्यास विंडोज तेवढीच फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढते. शेजारच्या डीएलएल गठ्ठ्यातच राहतात आणि त्रुटी येते. मुख्य फाइल तेवढी पेन ड्राइव्हवर किंवा डेस्कटॉपवर उचलून नेल्यासही हेच घडते. मूळ फोल्डर तसेच ठेवून डेस्कटॉपवर केवळ त्याचा शॉर्टकट ठेवणे योग्य असते. फाइल उतरवून घेताना जोडणी मध्येच तुटणे किंवा स्थापना अर्ध्यावर थांबवणे यांमुळेही काही फाइली जागेवर पोहोचत नाहीत.

### अँटिव्हायरसची कारवाई

अँटिव्हायरस संशयास्पद वाटलेली फाइल विलग करून ठेवतो. क्वचित त्याचा संशय चुकीचा ठरतो. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अद्ययावतीकरणाने विंडोज एक्सपीमधील एसव्हीसीहोस्ट ही प्रणालीची मूळ फाइलच विषाणू समजून बाजूला काढली आणि जगभरातील अनेक संगणक बंद पडले. मात्र बेकायदा प्रतींतून वगळली गेलेली फाइल अनेकदा खरोखरच घातक असते. त्यामुळे विलग केलेली फाइल परत आणण्यापूर्वी सॉफ्टवेअरचा स्रोत विश्वासार्ह आहे याची खात्री करणे आवश्यक असते.

### दुसरे सॉफ्टवेअर काढून टाकणे

एखादे जुने सॉफ्टवेअर काढताना ‘ही सामायिक फाइल आता कोणीही वापरत नाही, ती पुसावी काय?’ अशा आशयाचा प्रश्न विचारला जातो. विंडोज अशा फाइलींचा हिशेब ठेवते. परंतु नोंद न करता फाइल वापरणाऱ्या आज्ञावली त्या हिशेबात येत नाहीत. होकार दिल्यास त्या आज्ञावली बंद पडू शकतात. शंका असल्यास अशा प्रश्नाला नकार देणे सुरक्षित असते.

### संचालन प्रणाली जुनी असणे

काही वेळा हवी असलेली फाइल त्या संगणकासाठी अस्तित्वातच नसते. पायथन ३.९ व त्यापुढील आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत. त्या तेथे उघडण्याचा प्रयत्न केल्यास ‘एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या नावाची फाइल नसल्याचा संदेश येतो. या प्रकारची बरीचशी नावे ही खऱ्या फाइलींची नावे नसून विंडोजच्या अंतर्गत सुविधांचे निर्देश असतात. जुन्या विंडोजमध्ये ती सुविधाच नसल्याने सुटी फाइल आणून ठेवण्यात अर्थ नसतो. सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरणे, येथे पायथन ३.८, किंवा संचालन प्रणाली अद्ययावत करणे हेच दोन मार्ग उरतात.

## फाइलच्या नावावरून संच ओळखणे

वारंवार आढळणारी नावे व त्यांचे संच पुढीलप्रमाणे आहेत:

| संदेशातील फाइल | ती ज्या संचाचा भाग आहे |
|---|---|
| एमएसव्हीसीआर१००, एमएसव्हीसीपी१०० | व्हिज्युअल सी++ २०१० |
| एमएसव्हीसीआर११०, एमएसव्हीसीपी११० | व्हिज्युअल सी++ २०१२ |
| एमएसव्हीसीआर१२०, एमएसव्हीसीपी१२० | व्हिज्युअल सी++ २०१३ |
| एमएसव्हीसीपी१४०, व्हीसीरनटाइम१४० | व्हिज्युअल सी++ २०१५ व त्यानंतरचे |
| एपीआय-एमएस-विन-सीआरटी या शब्दांनी सुरू होणारी नावे | युनिव्हर्सल सी रनटाइम. विंडोज १० मध्ये अंगभूत, जुन्या विंडोजसाठी अद्ययावतीकरणाद्वारे |
| डी३डीएक्स९_४३, एक्सइनपुट१_३ | डायरेक्टएक्सचा जून २०१० चा संच |
| एमएफप्लॅट | मीडिया फीचर पॅक. विंडोजच्या ‘एन’ आवृत्त्यांसाठी |

व्हिज्युअल सी++ चे २०१३ पर्यंतचे संच परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत; २०१० च्या फाइलसाठी २०१० चाच संच लागतो. २०१५ पासून मात्र एकच संच पुढे वाढवला गेला असल्याने त्यातील सर्वांत नवा संच बसवणे पुरेसे असते. संगणकावर नवे डायरेक्टएक्स आहे म्हणून डी३डीएक्स९ च्या फाइली असतीलच असेही नाही, कारण विंडोज १० मध्ये डायरेक्टएक्स १२ असले तरी या जुन्या साहाय्यक फाइली वेगळ्या बसवाव्या लागतात.

यादीत न बसणारे नाव असल्यास ती फाइल बहुधा त्या सॉफ्टवेअरचीच स्वतःची असते. अशा वेळी ते सॉफ्टवेअर पूर्णपणे काढून नव्याने बसवणे हा पहिला उपाय होय.

## ३२-बिट आणि ६४-बिट फाइली

६४-बिट विंडोजवर दोन्ही प्रकारच्या आज्ञावली चालतात. पण ६४-बिट आज्ञावलीला ६४-बिट आणि ३२-बिट आज्ञावलीला ३२-बिट डीएलएलच जोडता येते. दोन्हींसाठी वेगळी फोल्डरे असतात आणि त्यांची नावे गोंधळात टाकणारी आहेत. सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये ६४-बिट फाइली असतात, तर सिसवाऊ६४ या फोल्डरमध्ये ३२-बिट फाइली असतात. जुन्या सॉफ्टवेअरला सिस्टिम३२ हे नाव अपेक्षित असल्याने ते बदलण्यात आले नाही.

संगणक ६४-बिट आहे म्हणून केवळ ६४-बिट संच बसवला आणि आज्ञावली ३२-बिट असली, तर त्रुटी कायम राहते. म्हणून ६४-बिट विंडोजवर व्हिज्युअल सी++ चे ‘एक्स८६’ व ‘एक्स६४’ असे दोन्ही संच बसवणे इष्ट असते. ‘एक्स८६’ हे ३२-बिट संचाचे नाव आहे. त्यातील ८६ हा आकडा पाहून तो ६४ पेक्षा मोठा किंवा नवा आहे असा समज होण्याची शक्यता असते.

## निराकरणाचा क्रम

उपाय सोप्याकडून कठीणाकडे या क्रमाने करावेत आणि प्रत्येक पायरीनंतर आज्ञावली उघडून पाहावी. एकाच वेळी अनेक बदल केल्यास नेमका कोणता उपाय लागू पडला हे समजत नाही.

1. संदेश पूर्ण वाचून फाइलचे नाव अक्षरशः लिहून घ्यावे किंवा पडद्याचे छायाचित्र घ्यावे. एका अंकाच्या फरकाने संच बदलतो.
2. संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. काही स्थापना त्यानंतरच पूर्ण होतात.
3. सॉफ्टवेअर झिप गठ्ठ्यात असल्यास तो प्रथम पूर्णपणे उलगडावा आणि उलगडलेल्या फोल्डरमधून स्थापना करावी.
4. अँटिव्हायरसच्या विलगीकरण यादीत संबंधित फाइल आहे काय ते पाहावे.
5. नावावरून संच ओळखून तो मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घ्यावा व बसवावा. तो आधीच असल्यास त्याच्या स्थापनेतील दुरुस्तीचा पर्याय निवडावा.
6. सॉफ्टवेअर काढून टाकून अधिकृत स्रोतावरून नवी प्रत घ्यावी व ती बसवावी. त्याच्या निर्मात्याने दिलेली किमान आवश्यकतांची यादी वाचावी.
7. विंडोजचे प्रलंबित अद्ययावतीकरण पूर्ण करावे.
8. हरवलेली फाइल विंडोजचीच असल्यास प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एसएफसी’ ही आज्ञा ‘स्कॅननाउ’ या पर्यायासह चालवावी. विंडोज ८ व त्यापुढील आवृत्त्यांत त्यापूर्वी ‘डीआयएसएम’ या साधनाने मूळ प्रतींचा साठा दुरुस्त करून घेणे उपयुक्त ठरते.
9. कालपर्यंत चालणारे सॉफ्टवेअर आज बंद पडले असल्यास सिस्टिम रिस्टोअरद्वारे संगणक आधीच्या स्थितीत नेता येतो.

एवढे करूनही कारण न उमगल्यास तज्ज्ञ व्यक्ती प्रोसेस मॉनिटर या मायक्रोसॉफ्टच्या विनामूल्य साधनाचा उपयोग करतात. आज्ञावलीने कोणत्या फोल्डरमध्ये कोणती फाइल मागितली आणि प्रत्येक ठिकाणी काय उत्तर मिळाले, याची ओळीने नोंद ते साधन दाखवते. साखळीतील कोणती कडी तुटली आहे हे त्यावरून कळते.

## सुट्या फाइली घेण्यातील धोके

फाइलचे नाव महाजालावर शोधल्यास तीच फाइल सुटी देऊ करणारी अनेक संकेतस्थळे समोर येतात. संदेशाने फाइलचे नाव सांगितलेले असल्याने ती मिळवावी असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र हा मार्ग तीन कारणांनी घातक ठरतो.

पहिले कारण सुरक्षेचे आहे. डीएलएल ही केवळ माहितीची फाइल नसून तिच्यात चालवण्याच्या सूचना असतात. ज्या आज्ञावलीला ती जोडली जाते, त्या आज्ञावलीचे सर्व अधिकार तिला मिळतात. ती जर कोणी बदललेली असेल, तर वापरकर्त्याचे लेख, परवलीचे शब्द आणि बँकव्यवहार तिच्या आवाक्यात येतात. ऑगस्ट २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने, योग्य नावाची पण बनावट डीएलएल शोधक्रमातील एखाद्या ठिकाणी ठेवून केल्या जाणाऱ्या हल्ल्यांविषयी सुरक्षासूचना प्रसिद्ध केली होती. अनोळखी संकेतस्थळावरून आणलेली फाइल स्वतःच्या हाताने त्या ठिकाणी ठेवणारा वापरकर्ता हल्लेखोराचे काम सोपे करत असतो.

दुसरे कारण आवृत्तीचे आहे. नाव तेच असूनही आवृत्ती किंवा बिटसंख्या वेगळी असल्यास ‘फाइल नाही’ हा संदेश जाऊन ‘प्रवेशबिंदू नाही’ हा संदेश येतो. सिस्टिम३२ मध्ये ठेवलेली चुकीची फाइल इतर आज्ञावलींनाही सापडते आणि आतापर्यंत सुरळीत चालणारी सॉफ्टवेअरही बिघडू शकतात.

तिसरे कारण देखभालीचे आहे. संचाद्वारे बसवलेल्या फाइलची नोंद विंडोजकडे असते. तिच्यात सुरक्षेचा दोष आढळल्यास संचाच्या नव्या आवृत्तीने ती बदलता येते. सुट्या आणलेल्या फाइलची अशी कोणतीही नोंद नसते. ती दोषासह वर्षानुवर्षे तशीच पडून राहते.

‘सर्व डीएलएल त्रुटी एका क्षणात दुरुस्त’ अशी जाहिरात करणाऱ्या साधनांनाही हेच आक्षेप लागू होतात. एखादी फाइल खरोखर मायक्रोसॉफ्टची आहे काय, हे पाहण्यासाठी तिच्या गुणधर्मांतील अंकीय स्वाक्षरी तपासता येते. मात्र प्रणालीच्या काही फाइलींची स्वाक्षरी वेगळ्या सूचीत ठेवलेली असल्याने ती तेथे दिसत नाही.

## देवनागरी नावांमुळे येणारी अडचण

मराठी व इतर भारतीय भाषांच्या वापरकर्त्यांना या त्रुटीचा एक वेगळा प्रकार अनुभवास येतो. फाइल जागेवर असते, तरी आज्ञावली ती नसल्याचे सांगते. फोल्डरचे किंवा संगणकावरील खात्याचे नाव देवनागरीत असल्यास हे घडू शकते.

मराठीची सोय विंडोज २००० पासून युनिकोडच्या आधारे झाली. त्यापूर्वीच्या पद्धतीत प्रत्येक लिपीसाठी अक्षरांचा एक मर्यादित कोष्टक-संच वापरला जाई. देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसा संच नव्हता. जुन्या पद्धतीने लिहिलेली आज्ञावली देवनागरी नाव वाचते, तेव्हा तिला ती अक्षरे ओळखता येत नाहीत आणि प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह येते. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह वापरताच येत नाही. साहजिकच त्या नावाचे फोल्डर सापडत नाही.

अशा वेळी सॉफ्टवेअर रोमन अक्षरांत नाव असलेल्या फोल्डरमध्ये बसवावे. खात्याचे दर्शनी नाव नंतर बदलले तरी त्याच्या फोल्डरचे मूळ नाव बदलत नाही. म्हणून अडचण खात्याच्या फोल्डरमुळे येत असल्यास रोमन नावाने नवे खाते तयार करावे लागते. २०१९ मधील विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून आज्ञावलींना युटीएफ-८ ही युनिकोड पद्धती थेट जाहीर करता येते. मात्र त्यासाठी निर्मात्याने सॉफ्टवेअरमध्ये तसा बदल करणे आवश्यक असते. दस्तऐवजांची नावे देवनागरीत ठेवण्यास आधुनिक सॉफ्टवेअरमध्ये सहसा अडचण येत नाही.

## इतर संचालन प्रणालींमध्ये

सामायिक फाइलींची पद्धत विंडोजपुरती मर्यादित नाही. लिनक्समध्ये अशा फाइलींच्या नावात ‘.एसओ’ हा विस्तार असतो, तर मॅकओएसमध्ये त्यांना ‘डायलिब’ म्हणतात.

लिनक्समध्ये सॉफ्टवेअर सहसा पॅकेज व्यवस्थापकामार्फत बसवले जाते. प्रत्येक पॅकेजमध्ये त्याला लागणाऱ्या इतर पॅकेजांची यादी असते आणि व्यवस्थापक ती आपोआप आणून बसवतो. त्यामुळे ही त्रुटी तेथे तुलनेने कमी आढळते. व्यवस्थापकाला वगळून बाहेरून आणलेल्या आज्ञावलींच्या बाबतीत मात्र ती उद्भवते. उदाहरणार्थ, उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ती आहे, १.१ या आवृत्तीसाठी तयार केलेल्या आज्ञावलीला तेथे हवी ती फाइल मिळत नाही. आज्ञावलीला कोणत्या फाइली लागतात व त्यांपैकी कोणत्या सापडत नाहीत, हे ‘एलडीडी’ या आज्ञेने पाहता येते. ही आज्ञा केवळ विश्वासार्ह स्रोतातून आलेल्या आज्ञावलींवरच चालवावी, असा संकेत आहे.

मॅकओएसमध्ये बहुतेक सॉफ्टवेअर आपल्या साहाय्यक फाइली स्वतःच्या गठ्ठ्यातच ठेवते. त्यात जागा अधिक लागते, पण एका सॉफ्टवेअरमुळे दुसऱ्याचे नुकसान होत नाही. साठवणीची क्षमता वाढल्यामुळे विंडोजवरील अनेक नवी सॉफ्टवेअरही याच मार्गाने जाऊन आवश्यक डीएलएल स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतात. अशा डीएलएलमधील सुरक्षादोष दूर करण्याची जबाबदारी मात्र त्या त्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यावर येते.